कोणत्या रकान्यात?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील घाटाखालच्या मलकापुराहून मुंबईकडे निघालेली गाडी भुसावळ सोडते आणि थोड्याच वेळात भादली स्थानक येते. या भादली बुद्रुक गावी २०२१ च्या जानेवारीत ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव प्रभागातून अर्ज भरला होता. उमेदवार तृतीयपंथी आणि प्रभाग स्त्रियांचा, म्हणून अधिकाऱ्याने तो फेटाळला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मात्र तो ग्राह्य धरला. आपली लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच मान्य केला होता. पुढे लाभासाठी पुन्हा पुरुष म्हणवून घेता येणार नाही, हेही खंडपीठाने बजावले. गावाने त्यांना निवडून दिले.

मतदारांनी देहाचे गूढ उकलले नाही. त्यांना त्याची गरजही नव्हती. पंचायतीकडे माणूस नळ, गटार आणि रस्ता मागतो. परंतु श्रद्धावंताला एवढ्यावर थांबता येत नाही. रोमच्या श्रद्धासिद्धांत विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये, पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने, सांगितले की, तृतीयपंथी व्यक्तीला इतरांप्रमाणे स्नानसंस्कार घेता येतो. मात्र त्यातून लोकांत गोंधळ माजू नये. त्याच विभागाने एप्रिल २०२४ मध्ये लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेविषयी कडक इशारा दिला. कित्येकांना यात विसंगती दिसते. आम्हांस दिसत नाही. देह ही देणगी आहे, ही शिकवण आम्ही सोडणार नाही. पण ती पटेपर्यंत माणसाला दाराबाहेर उभे करण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. अनुवादाच्या पुस्तकात षंढाला मंडळीत प्रवेश नव्हता. तरी प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात फिलीप इथिओपियाच्या षंढाच्या रथात चढून शेजारी बसतो, आणि पाणी वाटेत पुढे लागते. तो षंढ आणि आजचे तृतीयपंथी एक नव्हेत, हे खरे. दाराशी थांबणे मात्र तेच.

गाडीत टाळी वाजली की आपण दहा रुपये देऊन खिडकीबाहेर पाहतो. त्या टाळीमागे पुष्कळदा घरातून हाकलले गेलेले एक मूल असते, आणि घर ख्रिस्ती असले म्हणून हाकलणे सौम्य होत नाही.

काही गावांतील चर्चमध्ये अजूनही स्त्रिया एका बाजूस आणि पुरुष दुसऱ्या बाजूस बसतात. असे मूल एखाद्या रविवारी मिस्साला परतले, तर ते कोठे बसेल? आईने सरकून आपल्या शेजारी जागा करावी, असे आमचे मत आहे. बाजू कोणती, हे धर्मगुरूंनी नंतर पाहावे.