हुशार की प्रतिभावंत?

दहावीचे निकाल लागले की धर्मग्रामातील पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो : "फादर, मुलगा हुशार आहे हे दिसतंच आहे, पण त्याच्यात खरोखर काही असामान्य आहे का, हे कसं ओळखायचं?" प्रश्न साधा वाटतो. त्याच्या पोटात मात्र दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. उत्तर मिळाल्यावर त्या मुलाचे आपण काय करणार आहोत?

आपल्या भाषेने हे दोन गुण मुळातच वेगळे ठेवले आहेत. हुशार म्हणजे चटकन समजणारा, सांगितलेले अचूक करून दाखविणारा. प्रतिभा हा शब्द जुन्या काव्यशास्त्रापासून नव्याच्या स्फुरणाशी जोडलेला आहे. शाळा हुशारीची परीक्षा घेते आणि तिने ती घ्यावी, हे योग्यच आहे. पण ज्या प्रश्नाचे उत्तर परीक्षकाला आधीच ठाऊक असते, त्यात नवे स्फुरण्यास वाव तो किती?

मग बुद्धिमापन चाचणीचे काय? १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी पहिली चाचणी सिद्ध केली, ती वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना साहाय्य मिळावे म्हणून. प्रज्ञावंत शोधण्यासाठी तिचा उपयोग पुढे अमेरिकेत झाला. लुईस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार तल्लख मुले निवडून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. त्यांतील अनेक जण पुढे नावारूपाला आले. परंतु गुण कमी पडले म्हणून त्या निवडीतून सुटलेल्यांत विल्यम शॉक्ली व लुईस अल्वारेझ ही दोन मुले होती. त्यांना अनुक्रमे १९५६ व १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळाले नाही. चाचणी खोटी नव्हती. ती हुशारी मोजत होती.

आपल्याकडील उदाहरण श्रीनिवास रामानुजन यांचे. १९०३ साली कुंभकोणमच्या या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचे गणिताचे पुस्तक पडले. त्यात हजारो सिद्धान्त होते, सिद्धता बहुधा नव्हत्या. एखाद्या हुशार विद्यार्थ्याने ते पाठ केले असते. या मुलाने एकेक सिद्धान्त स्वतः उलगडायला घेतला आणि पुस्तक संपले तेथून पुढे चालू लागला. कोणी सांगितले नव्हते, बक्षीस नव्हते. उलट इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्याने कॉलेजची शिष्यवृत्ती गेली आणि १९०७ साली मद्रासला एफ.ए.च्या परीक्षेतही अपयश आले. आपल्या घरी असे घडते तर ती वही कपाटात बंद झाली असती. (आईवडिलांना दोष देणे सोपे आहे, वडील कापडाच्या दुकानात कारकून होते.)

खूण असलीच तर ती येथे आहे. मोकळ्या दुपारी, परीक्षा नसताना, पाहणारे कोणी नसताना मूल काय करीत बसते? उत्तर मिळाल्यावरही त्याला तो प्रश्न सोडवत नाही काय? अर्थात नापास होणारा प्रत्येक मुलगा रामानुजन नसतो. आळसाने मागे पडणाऱ्याच्या वह्या कोऱ्या असतात, त्यांच्या भरलेल्या होत्या. आणि मुलीच्या बाबतीत आधी एवढेच पाहावे की, घरकाम व धाकट्या भावंडांचा सांभाळ यांतून तिच्या वाट्याला मोकळी दुपार येते तरी का.

पारख करणारा जाणकार हवा, हेही खरे. केंब्रिजच्या दोन गणितज्ञांनी रामानुजन यांचे कागद मनावर घेतले नाहीत. १९१३ साली हार्डी यांनी सहकारी लिटलवुड यांच्यासह ते वाचले आणि त्यांचे मोल ओळखले. म्हणून मुलाला नव्हे, त्याच्या कामाला जाणकारापुढे न्यावे. गणित किंवा विज्ञानाची ओढ असेल तर मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ऑलिंपियाडची निवड व प्रशिक्षण तेथे चालते आणि त्या गणितांना घाईपेक्षा चिकाटी अधिक लागते.

मुलाच्या कपाळावर 'प्रतिभावंत' असा शिक्का मारणे मला मात्र मान्य नाही. १९९८ साली म्युलर व ड्वेक या अमेरिकन संशोधक महिलांनी दाखवून दिले की, 'तू बुद्धिमान आहेस' अशी स्तुती ऐकलेली मुले पुढे सोपी कामे पसंत करतात. अवघडात हात घातला आणि फसलो तर मिळालेले नाव जाईल, ही धास्ती. पुस्तक, निवांत वेळ, चांगला शिक्षक यांसाठी शिक्क्याची गरज नाही. प्रतिभा नसलेल्या मुलाचेही त्यांनी काही बिघडत नाही.

नोकरीच्या शोधात असताना रामानुजन वही घेऊन नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्याकडे गेले. त्यांना प्रथम शंका आली. समजूत पटल्यावर त्यांनी विचारले, काय हवे? रामानुजन यांनी पोटापुरते मागितले, गणित करीत राहता यावे म्हणून. राव दरमहा २५ रुपये पाठवू लागले.