अफवेचा सर्प आणि दारचा अतिथी



वेदान्तातील रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपण कीर्तनांतून व प्रवचनांतून अनेकदा ऐकला आहे. तिन्हीसांजेची वेळ असते, उजेड अंधुक असतो, वाटेत दोरी पडलेली असते आणि वाटसरूस ती सर्प भासते. तो ओरडतो, धावतो, घामाघूम होतो. सर्प खोटा असतो. परंतु भय मात्र खरे असते. कोणी दिवा आणला म्हणजे दोरी दोरीच दिसते आणि भय आपोआप मावळते. आचार्यांनी हा दृष्टान्त ब्रह्म व जगत् यांच्या विचारासाठी योजिला. आपणांस मात्र तो आज हातातील मोबाइलच्या संदर्भात आठवावा लागत आहे.

भ्याला माणूस काठी उचलतो. दोरीवर काठी पडली तर दोरीचे काही बिघडत नाही. परंतु दोरीच्या जागी माणूस असेल तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्याच बिदर जिल्ह्यातील मुरकी या गावी दि. १३ जुलै २०१८ रोजी, म्हणजे आषाढी एकादशीस अवघे दहा दिवस उरले असता, हेच घडले. हैदराबादेकडील काही तरुण आपल्या स्नेह्याच्या गावी आले होते. वाटेत त्यांनी मुलांना चॉकलेटे दिली. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, असे संदेश त्या दिवसांत घरोघरच्या मोबाइलवर येतच होते. कोणाच्या तरी मनात शंका उपजली आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून ती गावोगाव गेली. मोटार मुरकीस पोहोचण्यापूर्वी संदेश तेथे पोहोचला होता. रस्ता अडविला गेला, मोटार उलटली आणि जमाव तुटून पडला. एक तरुण अभियंता प्राणास मुकला, त्याचे सोबती जबर जखमी झाले. त्यांना वाचविण्यासाठी मध्ये पडलेल्या पोलिसांनाही मार बसला. त्या तरुणांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते. मुलांना खाऊ देणे एवढाच त्यांचा अपराध!

त्याच्या बारा दिवस आधी, दि. १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांचा जमावाने असाच बळी घेतला. त्यांतील बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते. पिढ्यान् पिढ्या जी भिक्षेकऱ्याची झोळी पाहून आपल्या आजीने सुपात जोंधळे आणले, तीच झोळी पाहून त्या दिवशी लोकांनी काठ्या आणल्या.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. तेव्हा मी शाळेत शिकत होतो. तसाच एक संदेश घरच्या मोबाइलवर आला आणि मी तो जसाच्या तसा अनेकांना पाठविला. आपण गावावर उपकार करीत आहोत, असेच मला वाटले. पुढे मुरकीची वार्ता आली. त्या सायंकाळी पूजा आटोपून वडील देवळाच्या ओसरीवर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावून एवढेच विचारले, “तू ते डोळ्यांनी पाहिले होतेस काय रे?” मजजवळ उत्तर नव्हते. माझा संदेश मुरकीपर्यंत गेला, असे मी म्हणत नाही. परंतु गेलाच नाही, असे शपथेवर सांगणेही मला शक्य नाही. ती टोचणी आजही मनातून गेलेली नाही, आणि म्हणूनच हा विषय आज आपल्यापुढे मांडीत आहे.

कोणी म्हणेल, “भय सर्वथा खोटे कसे? दिवस खरोखरच वाईट आहेत.” हे मला मान्य आहे. दि. १६ जानेवारी २०२५ रोजी बिदर शहरात भरदिवसा बँकेसमोर एटीएमची रोकड नेणाऱ्या कर्मचाऱ्यांवर गोळ्या झाडून लूट झाली आणि एका कर्मचाऱ्याचा जीव गेला. कॅमेऱ्यांनी ते सारे टिपले. परंतु त्यास वाचविणे कॅमेऱ्याच्या हाती नव्हते. आज दुकानांत, चौकांत, देवळांच्या महाद्वारावरही कॅमेरे बसले आहेत. त्यांचा उपयोग आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि यंत्राचा डोळा कोण आला एवढेच दाखवितो. आलेल्यास कोणत्या दृष्टीने पाहावे, हे तो शिकवीत नाही. ते काम विवेकाचे आहे.

आणि जेथे विवेक सुटतो, तेथे भय दोन्ही बाजूंनी घात करते. अफवेच्या भयाने आपण दुसऱ्यावर हात उगारतो. दरडावणीच्या भयाने आपणच लुटले जातो. अलीकडे पोलीस किंवा अधिकारी असल्याची बतावणी करून, चित्रफोनवर गणवेश दाखवून, “तुम्हांस अटक झाली आहे, कोणाशी बोलू नका” असे धमकावून लोकांचे आयुष्यभराचे पैसे हिरावले जातात. विजयपूर येथील एका गृहस्थास आलेला असाच दूरध्वनी पंतप्रधानांनी दि. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मध्ये साऱ्या देशास ऐकविला आणि ‘डिजिटल अटक’ अशी गोष्ट कायद्यात नाहीच, हे स्पष्ट केले. दोन्ही ठिकाणी युक्ती एकच आहे. भय घाई करविते आणि विचारण्यास अवधी देत नाही. जो क्षणभर थांबला, त्याने दिवा लावला असे समजावे.

आता आपल्या भूमीचा धर्म काय सांगतो, ते पाहू. कलबुर्गी जिल्ह्यातील श्रीक्षेत्र गाणगापूर आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहे. तेथे माध्यान्हकाळी श्रीदत्तमहाराज कोणत्या ना कोणत्या रूपाने भिक्षेस येतात, अशी दृढ श्रद्धा आहे. म्हणून तेथे दारी आलेल्यास रिक्तहस्ते पाठवीत नाहीत. लक्षाधीश यात्रेकरूही पाच घरी माधुकरी मागतो. विचार करावा, देव जर अनोळखी रूपानेच येणार असेल, तर प्रत्येक अनोळखी माणसास चोर समजणाऱ्याच्या घरी तो कसा येईल?

दामाजीपंतांची कथाही आपल्या बिदरशी जोडलेली आहे. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला, तेव्हा पंतांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. बिदरच्या बादशहाकडे कागाळी गेली आणि तेवढ्यावरच त्यांना धरून आणण्याचा हुकूम सुटला. ऐकीव गोष्टीवर शिक्षा ठोठावण्याची खोड नवी नाही! तेव्हा पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बिदरच्या दरबारी आला आणि धान्याचे मोल भरून पावती घेऊन गेला, असे संतचरित्रकार सांगतात. अंगावर घोंगडे, हाती काठी, ओळख देणारा कोणी नाही. पहारेकऱ्यांनी त्यास संशयावरून वेशीवरच झोडपले असते तर? त्याच मंगळवेढ्याकडून निघालेल्या गोसाव्यांचे राईनपाड्यास काय झाले, हे आठवले म्हणजे मान खाली जाते.

तर मग करावे काय? गाफील राहावे, असे शास्त्र सांगत नाही. संदेश आला की तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. हे प्रथम कोणी पाहिले? मी पाहिले काय? हे पुढे पाठविल्याने कोणाचा जीव धोक्यात येईल काय? उत्तर न मिळाल्यास संदेश तेथेच थांबवावा. मुलांविषयी खरीच शंका आली तर ११२ या क्रमांकावर पोलिसांस किंवा १०९८ या क्रमांकावर बालसाहाय्य सेवेस कळवावे. काठी हाती घेऊ नये. पैशांसाठी कोणी धमकावले तर फोन ठेवावा, घरच्यांस सांगावे आणि १९३० वर तक्रार करावी. घरातील वृद्धांना हे आजच समजावून द्यावे, कारण एकटेपणी भय दुप्पट होते.

मुरकीच्या घटनेनंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येऊ नये, अशी मर्यादा घालण्याचे ठरविले. यंत्राने आपल्यापुरती मर्यादा घातली. आपल्या मनास मर्यादा घालणारा दुसरा कोणी नाही. ती आपणच घालावयाची आहे.

देवापुढे आपण रोज सांजवात लावतो. ती लावताना एक क्षण थांबून मनाशी म्हणावे, “देवा, आज मी न पाहिलेले काही बोललो नाही ना? दारी आलेल्या कोणास भयाने दूर लोटले नाही ना?” एवढे नित्य घडले, तर त्या वातीचा उजेड गाभाऱ्यातून अंगणापर्यंत येईल, आणि दोरी दोरी दिसेल, माणूस माणूस दिसेल.

श्रीगुरुदेव दत्त सर्वांस ही सद्बुद्धी देवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

॥ श्रीदत्तार्पणमस्तु ॥