मुलगा मोठा झाला, हे कोण ठरवणार?

मुलाला मिसरूड फुटते, आवाज घोगरा होतो, वडिलांची चप्पल त्याच्या पायाला बसू लागते आणि घरात एक नवा वाद सुरू होतो. आपण म्हणतो, "आधी जबाबदारीने वागून दाखव, मग तुला मोठा मानू." तो म्हणतो, "आधी मोठा माना, मग बघा कसा वागतो." दोघांचेही थोडेथोडे खरे असते, म्हणूनच हा वाद मिटत नाही. मान आधी की जबाबदारी आधी? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला एक अमेरिकन कथा नेहमी आठवते. ती आज आपल्यापुढे ठेवावीशी वाटते.

कथेचे लेखक रिचर्ड राइट. त्यांचा जन्म 1908 साली अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. ते लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आईच्या आजारपणात आणि उपासमारीत त्यांचे बालपण गेले. 1940 साली त्यांनी ही कथा प्रथम प्रसिद्ध केली. पुढे तिच्यात फेरफार करून 'द मॅन हू वॉज ऑलमोस्ट अ मॅन', म्हणजे 'जवळजवळ पुरुष झालेला माणूस', या नावाने ती त्यांच्या मृत्यूनंतर 1961 साली निघालेल्या 'एट मेन' या कथासंग्रहात आली.

कथेतला डेव्ह सतरा वर्षांचा आहे. जिम हॉकिन्स या गोऱ्या जमीनदाराच्या शेतावर तो नांगर धरतो. सोबतचे मोठे मजूर त्याला पोरच समजतात. याचे त्याला फार लागते. आपल्या हाती पिस्तूल आले म्हणजे सारे आपल्याला वचकून राहतील, असे त्याच्या मनाने घेतले आहे. गावातला दुकानदार दोन डॉलरला एक जुने पिस्तूल विकायला तयार होतो. पण पैसे आणायचे कुठून? डेव्ह दिवसभर राबतो खरा, पण त्याची मजुरी जमीनदार थेट त्याच्या आईच्या हातात देतो. मुलाला अक्कल नाही, असे आईचे मत. तो तिची विनवणी करतो, वडिलांसाठी घरात एक पिस्तूल असावे असे पटवतो. पिस्तूल थेट माझ्याकडे आणून द्यायचे, या अटीवर ती अखेर मोज्यात लपवलेले दोन डॉलर काढून देते. डेव्ह ती अट पाळत नाही. रात्री तो पिस्तूल उशीखाली ठेवून झोपतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो जेनी नावाचे खेचर नांगराला जुंपून दूरच्या शेतात जातो. तिथे डोळे मिटून, तोंड फिरवून बार काढतो. गोळी जेनीला लागते. घाबरलेला डेव्ह जखमेत ओली माती कोंबून रक्त थांबवू पाहतो. पण रक्त थांबत नाही. जेनी मरते. जेनी नांगराच्या फाळावर पडली, असे तो सर्वांना सांगतो. त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. संध्याकाळी जमलेल्या गर्दीपुढे आईवडील त्याला खरे बोलायला भाग पाडतात. तो रडत रडत सारे कबूल करतो. आणि गर्दी हसते.

जमीनदार खेचराची किंमत पन्नास डॉलर सांगतो आणि दर महिन्याला दोन डॉलर फेडायला लावतो. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ हे ओझे डोक्यावर. वडील मार देण्याचे वचन देतात. त्या रात्री डेव्ह पुरलेले पिस्तूल उकरून काढतो, उरलेल्या गोळ्या झाडून टाकतो आणि धावत्या मालगाडीवर चढून निघून जातो. जिथे आपण पुरुष ठरू, अशा ठिकाणी. खिशात पिस्तूल आहे, पण ते रिकामे आहे.

कथा वाचून पहिल्यांदा आपण म्हणतो, "मुलगा वाया गेला." आणि ते अगदीच खोटे नाही. त्याने आईला फसवले. त्याच्या हौसेपायी एका मुक्या जनावराचा जीव गेला. वर खोटे बोलला, आणि कर्ज आईवडिलांच्या गळ्यात टाकून पळाला. इतरांना आपली भीती वाटली म्हणजे आपण पुरुष झालो, ही त्याची समजूत मुळातच चुकीची होती. त्याला पिस्तूल देऊ नये असे आईला वाटत होते, तेही बरोबरच होते. मुलाचा मान राखणे म्हणजे तो मागेल ते हाती देणे नव्हे.

पण ही समजूत त्याला कोणी दिली, हेही पाहिले पाहिजे. त्या काळी दक्षिणेत प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषालाही गोरे लोक 'बॉय', म्हणजे 'पोऱ्या', अशी हाक मारीत. डेव्हचे वडील घरी करडे होते, पण जमीनदारापुढे त्यांचीही मान खालीच असे. वडिलांनाच कोणी पुरुष मानत नसेल, तर मुलाने पुरुषपण कोणाकडे पाहून शिकायचे? त्या काळात लक्षावधी कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून उत्तरेकडे गेली. राइट स्वतः 1927 साली शिकागोला गेले. त्यामुळे डेव्हच्या त्या गाडीत नुसता पळपुटेपणा नाही, हे ध्यानात घ्यावे लागते.

आम्हांला या कथेत दोन गोष्टी विशेष बोचतात. पहिली ही, की डेव्हची मजुरी आईच्या हातात जाते, पण दंड मात्र त्याच्या नावावर पडतो. पगाराच्या वेळी तो पोर, कर्जाच्या वेळी पुरुष! आपणही हेच करतो. घरातले काम करायची वेळ आली की "एवढा घोडा झालास" म्हणतो, आणि घरातल्या निर्णयात तो काही बोलू लागला की "मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नकोस." एकाच मुलाला एकाच दिवसात दोन वये दिली, तर त्याने कोणत्या वयाप्रमाणे वागायचे?

दुसरी गोष्ट ते हसणे. डेव्हने दिवसभरात केलेल्या गोष्टींत खऱ्या मोठेपणाची एकच होती : सर्वांसमोर, दबावाखाली का होईना, "मी केले" असे तो म्हणाला. पिस्तुलाने जे मिळणार नव्हते, ते या कबुलीने मिळू शकले असते. तिथे एका तरी वडीलधाऱ्याने म्हणायला हवे होते, "खरे बोललास, हे बरे केलेस. आता नुकसान कसे भरून काढायचे ते बसून ठरवू." दंड तोच राहिला असता, पण भरणारा वेगळा झाला असता. तसे कोणी बोलले नाही. म्हणून मुलगा पुन्हा पिस्तुलाकडे गेला.

हे लिहिताना आम्हांला आमचीच एक चूक आठवते. मुलगा दहावीनंतरच्या सुट्टीत न विचारता स्कूटर घेऊन गेला आणि पाडून आला. दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन म्हणाला, "बाबा, गाडी मी पाडली." आम्ही रागावलो, ते ठीकच होते. पण पुढे एका लग्नात नातेवाइकांना तो प्रसंग रंगवून सांगितला आणि सारे पोट धरून हसले. तो मागेच उभा होता. त्यानंतर बराच काळ त्याने आम्हांला आपणहून काही सांगितले नाही. मुलगा आतल्या गाठीचा झाला, असे आम्ही म्हणत राहिलो. ती गाठ आम्हीच मारली होती.

तेव्हा मान आधी की जबाबदारी आधी? आमच्या मते या दोन्ही गोष्टी एकाच वेळी द्यायच्या असतात. ज्या कामाची जबाबदारी मुलावर टाकतो, त्या कामात त्याचे मतही ऐकायचे. नुकसान झाले तर भरपाई त्याच्याकडूनच करून घ्यायची, पण हिशेबही त्याच्याच हाती द्यायचा. आणि तो खरे सांगायला येईल, तेव्हा रागवायचे असेल तर जरूर रागवावे, पण हसू नये, आणि ती गोष्ट चारचौघांत नेऊ नये.

आज दुपारी जेवायला बसल्यावर आपल्या घरातल्या मुलाला घरातल्या एखाद्या खऱ्या अडचणीबद्दल त्याचे मत विचारू या. आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये न बोलता ऐकू या.