जागल्याची मुदत

गावात रात्रीची राखण करणाऱ्याला मराठीत जागल्या म्हणत. संस्थेच्या आतला गैरकारभार बाहेर आणणाऱ्या माणसासाठीही वर्तमानपत्रं आता हाच शब्द वापरतात. दोन्ही अर्थांत एक गोष्ट गृहीत आहे: जागल्या जागा आहे. तो गप्प आहे म्हणजे सारं ठीक आहे असं समजून बाकीचे झोपतात. पण गप्प राहण्याची कारणं दोन असू शकतात. धोका नसेल, किंवा जागल्यालाच झोप लागली असेल. बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच. मग झोपणाऱ्याने कशाच्या भरवशावर झोपावं? आणि जागणारा झोपणाऱ्यांचं नेमकं काय देणं लागतो?

हा प्रश्न माझ्यापुढे आला तो तळहातापेक्षा थोड्या मोठ्या एका डबीमुळे. माझी मावसबहीण आणि तिचे यजमान निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन फिरतात. गाडीमागे जोडून ओढायचं हे घर. त्यातली शेगडी, फ्रिज आणि थंडीत हवा तापवणारी भट्टी प्रोपेनवर चालते. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस मी त्यांच्यासोबत युटामध्ये होते. जमिनीलगत बसवलेला गॅस डिटेक्टर एका रात्री थोड्याथोड्या वेळाने टिकटिकू लागला. गळती नव्हती. पुस्तिकेनुसार त्या आवाजाचा अर्थ एवढाच होता, की यंत्राची मुदत संपली, ते बदला.

ही डबी दोन वायूंवर पाळत ठेवते. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, म्हणून गळला की जमिनीलगत साचतो. डबी खाली बसवायचं कारण तेच. त्याला स्वतःचा वास नसतो. आपल्या घरच्या सिलिंडरला येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन मुलं आणि शिक्षक मिळून तीनशेच्या आसपास माणसं गेली. गॅस साचत होता, कुणाला कळलं नव्हतं. त्यानंतर टेक्सासमध्ये गॅसला वास लावणं कायद्याने बंधनकारक झालं.

कार्बन मोनॉक्साइडला मात्र असा वास लावता येत नाही. तो टाकीतून येत नाही, अपुऱ्या ज्वलनातून जागच्या जागी तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरतं. आधी डोकं दुखतं, मग ग्लानी येते, आणि दिवसभराच्या प्रवासाचा शीण समजून माणूस आडवा होतो. धोका ओळखायला जी शुद्ध लागते, तीच हा वायू आधी काढून घेतो. उत्तर भारतात हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबं आणि आपल्याकडे कोंदट न्हाणीघरातले गॅस गिझर यांच्या बातम्या आपण वाचतोच. इथे स्वतःच्या इंद्रियांवर विसंबता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या साक्षीवर विसंबावं लागतं.

आपल्या दर्शनांत या पेचासाठी एक नेमका शब्द आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती 'अनुपलब्धि' हे स्वतंत्र प्रमाण मानतात: एखादी वस्तू जाणवत नाही, यावरून ती नाही हे कळणं. पण त्याला त्यांनी अट घातली. वस्तू असती तर ती जाणवलीच असती, अशी स्थिती हवी. उजेडात टेबलावर घागर दिसली नाही, तर घागर नाही. अंधारात दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. या अटीसह जी अनुपलब्धि, ती 'योग्य'. डिटेक्टर गप्प आहे म्हणून वायू नाही, हे अनुमान त्यातला सेन्सर धड आहे तोवरच खरं. मुदत संपली की तीच शांतता अंधारातली घागर होते.

डबीवर एक चाचणीचं बटण असतं. भाऊजींनी ते दाबलं, कर्णा कर्कश वाजला. ते म्हणाले, "बघ, ठणठणीत आहे." पण बहुतेक यंत्रांत हे बटण विजेचा मार्ग आणि कर्णा तपासतं, सेन्सरला वायू कळतो का, हे तपासत नाही. आवाज शाबूत असणं वेगळं, जाण शाबूत असणं वेगळं. सार्वजनिक जीवनात हा फरक आपण फार वेळा विसरतो.

धड यंत्राची शांतताही निखळ नसते. अमेरिकी मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत कार्बन मोनॉक्साइडचे ७० भाग असतील, तर इशारा एक ते चार तासांच्या आत यायला हवा. ४०० भागांना चार ते पंधरा मिनिटांत. ३० भागांना मात्र महिनाभर वाजायचं नाही. कारण ऊठसूट ओरडणाऱ्या जागल्याच्या तारा लोक उपटून टाकतात. म्हणजे त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ 'काही नाही' असा नसून 'बोलावं इतकं नाही' असा आहे. कुठे बोलायचं हे कुणीतरी आपल्या वतीने ठरवलेलं असतं.

त्या रात्री भाऊजींचा प्रस्ताव होता: तार काढू, खिडकी किलकिली ठेवू, सकाळी बघू. ताई म्हणाली, "अहो, आपली भट्टी बंद ठेवाल. शेजारच्यांच्या जनरेटरचं काय?" तिचं बरोबर होतं. जनरेटरचा धूर उघड्या खिडकीतूनच आत येतो. शेजाऱ्यांनी जनरेटर बंद केल्याचं पाहून, सिलिंडरची चावी फिरवून आम्ही दोन-दोन रजया घेऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी गावातून नवा डिटेक्टर आणला. काम अर्ध्या तासाचं: बारा व्होल्टची बॅटरी तोडायची, दोन स्क्रू, दोन तारा. फक्त एक मेख आहे. डिटेक्टरची काळी तार ऋण असते, आणि बऱ्याच ट्रेलरांच्या वायरिंगमध्ये काळी तार धन असते, पांढरी ऋण. मराठीतली शिक्षा आणि हिंदीतली शिक्षा, तसंच हे. रंगावर न जाता मीटर लावून बघायचं.

जुनी डबी टाकण्याआधी भाऊजींनी तिच्या तारा अगदी मुळाशी कापल्या. कचऱ्यातून उचलून कुणी ती पुन्हा भिंतीत बसवू नये म्हणून. मला हे कृत्य फार नैतिक वाटलं. काहीच नसलेल्या भिंतीपेक्षा आंधळा पहारेकरी अधिक घातक. रिकाम्या भिंतीसमोर माणूस निदान सावध तरी असतो.

ब्रिटिश खाणींत १९८६पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत. जॉन स्कॉट हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने ती कल्पना सुचवली होती. त्या क्रूर पद्धतीत एक गुण होता: पक्षी वायूने कोसळो की आजाराने, खाणकामगार बाहेरच पडणार. जागल्या निकामी होणं हाच इशारा होता. यंत्रात हे उलटं झालं. त्याचं मरण शांततेसारखं दिसू लागलं. मुदत संपल्याची टिकटिक हा पक्ष्याचा तो गुण परत आणण्याचा प्रयत्न आहे. धोका आहे की नाही, हे ती सांगत नाही. 'यापुढे माझ्या गप्प राहण्यावरून काही ठरवू नका', एवढंच सांगते.

जागल्या आपलं काय देणं लागतो, याचं माझं उत्तर इथून येतं. तो कधीच चुकणार नाही, ही हमी कुणी देऊ शकत नाही. पण आपल्यावरचा विश्वास आपल्या क्षमतेपेक्षा जास्त काळ टिकू द्यायचा नाही, हे त्याच्या हातात असतं. जिभेवरची चव गेल्याचं न सांगता स्वयंपाक चाखणारा आचारी, नजर अधू झाल्यावरही अहवालांवर सह्या करणारा तपासनीस, मूळ भाषेशी संबंध सुटल्यावरही तिच्या नावाने बोलणारा भाषांतरकार: यांपैकी कुणी खोटं बोलत नसतो. ते फक्त हिरवा दिवा चालू ठेवतात. कन्नड न येणारा वाचक माझं मराठी अडखळलं नाही, म्हणजे वाटेत काही सांडलं नाही असं धरून चालतो. त्याच्यापाशी ताडून बघायला दुसरं काही नाही.

माझ्या ओळखीच्या एका ज्येष्ठ भाषांतरकार बाईंनी काही वर्षांपूर्वी नव्या लेखकांची कामं परत पाठवायला सुरुवात केली. तब्येत उत्तम, मराठी आजही माझ्यापेक्षा कितीतरी सरस. त्या संपादकांना एवढंच लिहीत: "ती भाषा आता मला ऐकू येते, पण कळत नाही." लोकांनी त्याला विनय म्हटलं. मला तो कामाचाच भाग वाटतो, आणि बहुधा सर्वांत अवघड भाग.