दुखणं कुणाचं?

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर ऑइल इंजिन होतं. त्याचा आवाज पार घरापर्यंत यायचा. दादा जेवताना घास हातात धरून थांबायचे आणि म्हणायचे, "ठोका चुकवतंय. जा रं, बघून ये." आम्हाला काहीच वेगळं ऐकू आलेलं नसायचं. पण पळत जाऊन बघावं, तर कधी डिझेलात पाणी गेलेलं असायचं, कधी आणखी काही झालेलं असायचं. दादांचं क्वचितच चुकायचं.

इंजिनाचा चुकलेला ठोका ज्या घराला कळायचा, त्याच घरात आईच्या काळजाचे ठोके कितीतरी वर्षं चुकत होते. ते कुणालाच कळलं नाही. कारण आईनं कळू दिलं नाही.

भांगलताना ती मधेच बांधावर जाऊन बसायची. पाण्याची घागर उंबऱ्यावर टेकवून भिंतीला हात लावून उभी राहायची. विचारलं, की म्हणायची, "काय न्हाई, पित्त खवळलंय." एकदाच, मी शेजारी झोपलो असताना, ती अंधारात म्हणाली होती, "छातीत पाखरू अडकल्यावानी फडफडतंय बघ." मी तेव्हा सातवी-आठवीत होतो. मला ते गोष्टीतल्यासारखं वाटलं आणि मी झोपी गेलो.

१९७८ साली ज्वारीची काढणी चालू होती. सकाळी भाकरी थापता थापता आईचा उजवा हात परातीत तसाच पडला. तोंड वाकडं झालं. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा थोरली वहिनी धावत आली. लोक म्हणाले, लकवा. तेल चोळलं, अंगारा लावला, तालुक्याला नेलं. आई त्यानंतर तीन वर्षं अंथरुणावर होती. गेली तेव्हा सगळं गाव म्हणालं, "बाईनं लई सोसलं, पण कधी तोंडातनं शब्द काढला न्हाई." हे आमच्याकडचं फार मोठं कौतुक. आम्हीही ते अभिमानानं मिरवलं.

आईला नेमकं काय झालं असावं, ते पुढं मी स्वतः डॉक्टरसमोर बसलो तेव्हा उमगलं. लहानपणी तिचे सांधे सुजायचे, ताप यायचा, असं आजी सांगायची. घशाच्या साध्या दुखण्यातून हा संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब करून जातो. झडप अरुंद झाली, की हृदयाचा वरचा कप्पा ताणतो आणि त्याची लय बिघडते. मग तो नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. त्या थरथरीत रक्त एका कोपऱ्यात साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकली, की माणूस एका बाजूनं लुळा पडतो. आईचं असंच झालं असावं, असं डॉक्टर म्हणाले. ईसीजीच्या शोधाला १९२४ सालीच नोबेल मिळालं होतं, पण ते यंत्र आमच्या गावाला परकंच होतं. तरी मनगट धरणारा वैद्य गावात होता. वेडीवाकडी पडणारी नाडी त्याच्या बोटांना कळली असती. आई वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. पण तिनं हात पुढं केलाच नाही, हेही तितकंच खरं.

आणि एवढं सगळं बघून मी काय केलं? तेच केलं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी उसाला दारं धरताना माझी छाती एकदम पळायला लागली. खोरं टेकवून मी मनगटावर बोटं ठेवली. दोन ठोके घाईनं, एक हलका, मधे रिकामं, पुन्हा तीन एकदम. कशाचा कशाला मेळ नाही. अर्ध्या तासानं आपोआप थांबलं. मग पंधरा दिवसांनी पुन्हा. मी सात महिने कुणालाही सांगितलं नाही. पोराचं लग्न ठरलं होतं, ऊस तोडीला आला होता, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. खरं कारण एवढंच, की मला आईसारखं व्हायचं होतं. न बोलता सोसणारा.

एके दिवशी नातीला मोटारसायकलवरून शाळेत सोडायला निघालो. कालव्याच्या पुलाच्या अलीकडं डोळ्यांपुढं अंधारी आली. कशीबशी गाडी कडेला घेतली आणि खाली बसलो. "आबा, काय झालं?" पोरीनं विचारलं. मी म्हणालो, "गाडी बंद पडली." दहा मिनिटांनी तिला शाळेत पोचवलं. रात्री ती आजीला म्हणाली, "गाडी चालूच हुती. आबाच बंद पडलेलं."

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेलो. पहिला ईसीजी सरळ आला. ठोके त्या वेळी बिघडलेले नसतील, तर तो सरळच येतो. मग छातीला तारा चिकटवून चोवीस तास ठोके नोंदवले, तेव्हा सापडलं. एट्रियल फिब्रिलेशन. झडपा चांगल्या होत्या, माझं कारण बहुधा जुना रक्तदाब. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती डोक्यात बसली. धडधड मोठी म्हणजे धोका मोठा, असं नसतं. कुणाला चहानं, जागरणानं, अंगात रक्त कमी असल्यानं नुसतीच धडधड होते. आणि कुणाला हाच आजार असून काहीही जाणवत नाही, फक्त थकवा येतो, चढावर दम लागतो. म्हणजे शरीर साक्ष देतं, पण अर्धवट देतं. उरलेली अर्धी दुसऱ्यानं बघून पुरी करावी लागते. शुद्ध गेली, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली, तर मात्र घरात बसून वाट बघायची नाही.

थोरली वहिनी आता सत्तरी ओलांडलेली. ती भेटायला आली. "भावजी, कवापासनं व्हतंय ह्ये?"

"सात महिनं झालं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्याबाईंनी लई सोसलं म्हंत्यात समदी. खरं सोसलं कुणी?"

मी खाली बघितलं. तीन वर्षं आईचं हागणं-मुतणं वहिनीनं काढलं होतं. पदरात तान्हं मूल होतं. त्या तीन वर्षांत ती पंचमीला माहेरी गेली नाही. गावानं तिचं कौतुक केलं नाही, कारण सुनेनं ते करायचंच असतं. आईनं आपलं दुखणं आपल्यापुरतं ठेवलं, असं आम्ही समजत होतो. तसं ते राहिलंच नव्हतं. ते वहिनीच्या अंगावर पडलं होतं. माझं नातीच्या अंगावर पडता पडता राहिलं.

पण सांगितल्यावर सगळं सुखाचं झालं, असंही नाही. बायको रात्री तीनदा उठून माझ्या छातीवर हात ठेवायची. पोरानं ट्रॅक्टरची चावी काढून घेतली. मी बांधावर उभा राहिलो तरी चार माणसं विचारायला यायची. माझी धडधड मी घरभर वाटून दिली, असं वाटायला लागलं. मग आई चुकली होती का? तिला हेच टाळायचं असेल. आपल्या पायी घरानं भिऊन जगू नये, हा विचारही मायेचाच आहे. त्याला नुसता मूर्खपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरी आता मला वाटतं, घराची भीती वाचवायची म्हणून घराचा हक्क काढून घेता येत नाही. ज्यांना उद्या आपल्याला उचलावं लागणार आहे, त्यांना आज माहीत असायला हवं. प्रत्येक चुकलेला ठोका सांगत बसू नये. पण विचारलं तर खोटं बोलू नये, आणि ज्यानं दुसऱ्याचा जीव अडकेल ते न विचारताही सांगावं. एवढंच मला ठरवता आलं.

रक्त पातळ ठेवणारी गोळी मी रोज रात्री घेतो. रक्ताची तपासणी होते, तो आकडा दोन ते तीनच्या मधे राहावा लागतो. मेथी, पालक बंद नाही, पण एके दिवशी ताट भरून आणि मग महिनाभर नाही, असं चालत नाही. विळा जपून धरतो. मोटारसायकल मी अजून चालवत नाही.

सकाळी नात माझं मनगट धरते आणि घड्याळात बघून पुरा एक मिनिट मोजते. काही हलके ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत, म्हणून तिचा आकडा कधी यंत्रापेक्षा कमी येतो. परवा ती म्हणाली, "एकशे बारा. आजीला सांगू का?"

'नको' अगदी ओठावर आलं होतं.

"सांग," मी म्हणालो.