जुनी मोटार आणि विश्वासू कारभारी

मनुष्याने निर्जीव वस्तूवर प्रेम करावे काय, आणि करावे तर कोठवर करावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. तथापि ज्याच्या घरी वडिलांच्या हातचा नांगर, आजीचे जाते किंवा जुनी बैलगाडी आहे, त्यास तो क्षुल्लक वाटणार नाही. वस्तू मोडकळीस आलेली असते, बाजारात तिजहून चांगली मिळते, शेजारी हसतात, तरी ती टाकून देण्यास हात धजत नाही. ह्या प्रेमास सद्गुण म्हणावे की मोह म्हणावे? ह्याचा विचार आज एका विशेष वस्तूच्या योगाने करण्याचे आम्ही योजिले आहे, आणि ती वस्तू म्हणजे जुनी मोटारगाडी होय. कोणी म्हणेल, खेड्यातील मंडळ्यांस मोटारीशी काय कर्तव्य? परंतु जिच्यातील एकही मनुष्य ड्रायव्हर, मिस्त्री किंवा टॅक्सीवाला म्हणून मुंबई-पुण्यास गेला नाही अशी मंडळी आज विरळा. आणि आपल्या खेड्यांतूनही अशा काही गाड्या अद्याप छपराखाली उभ्या आहेत.

उदाहरणादाखल ‘प्रीमिअर पद्मिनी’ ही गाडी घेऊ. सोलापुरास जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व तिचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे चालू झाला. इटलीतील फियाट कंपनीच्या परवान्याने १९६४ पासून तेथे ‘फियाट ११०० डिलाइट’ ही गाडी तयार होऊ लागली, आणि १९७० नंतरच्या दशकात तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. १०८९ घन सेंटिमीटरांचे, चार सिलिंडरांचे लहानसे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर, अशी तिची साधी रचना होती. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. म्हणून जी गाडी अखेर दारात येई ती केवळ वाहन नसून घरातील एक माणूसच होऊन बसे. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी होऊन तिने हजारो कुटुंबांस भाकर दिली. सन २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. ताडदेव येथील परिवहन कार्यालयात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली, आणि टॅक्सीस २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती जात मुंबईच्या टॅक्सींतून नाहीशी झाली. त्या वेळी पुष्कळ लोक हळहळले, आणि एखादी तरी गाडी संग्रहालयात ठेवावी अशी मागणीही झाली.

आता अशी गाडी घरी राखणे म्हणजे काय, हे ज्याने राखली त्यास विचारावे. ते काम एका दिवसाचे नव्हे. कार्बुरेटर साफ करावा लागतो. ठिणगी पाडणारे प्लग व पॉइंट यांतील फट वारंवार तपासावी लागते. पुढील चाकांच्या सांध्यांस, बैलगाडीच्या चाकांस वंगण द्यावे त्याप्रमाणे, ठराविक अंतराने ग्रीस द्यावे लागते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते व त्यामुळे नळ्या आतून गंजतात, म्हणून ते काही काळाने बदलावे लागते. दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यास जी भोके असतात ती चिखलाने बुजली म्हणजे पत्रा आतल्या आत कुजू लागतो, आणि वरच्या रंगाला फोड येईपर्यंत मालकास त्याची वार्ताही नसते. शिवाय नवे पेट्रोल जुन्या गाडीस मानवेलच असे नाही. २०२५ सालापर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यात येऊ लागले. जुन्या काळच्या रबरी नळ्या अशा इंधनासाठी केलेल्या नसल्यामुळे त्या खराब होतात व बदलाव्या लागतात. आणि सर्वांहून नवलाची गोष्ट ही की, गाडी न वापरता नुसती झाकून ठेविली तर ती अधिक लवकर बिघडते. बॅटरी उतरते, टायर एका जागी चेपतात, ब्रेक धरून बसतात, पेट्रोल चिकट होऊन बारीक छिद्रे बुजवते. म्हणजे जतन करणे हे पेटीत ठेवण्यासारखे नसून चालते ठेवण्यासारखे आहे.

येथे पहिला बोध आम्हांस मिळतो. पवित्र शास्त्रात २ राजे ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात योवाश राजाच्या काळची हकीकत आहे. मंदिराची मोडतोड दुरुस्त करण्याची आज्ञा झाली होती, पैसाही येत होता, परंतु राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी याजकांनी एक खिंडार बुजविले नव्हते. ते दुष्ट होते असे तेथे म्हटलेले नाही. काम उद्यावर ढकलण्याची जी सवय आपणा सर्वांस असते तीच त्यांस असावी. पुढे यहोयादा याजकाने पेटीच्या झाकणास भोक पाडून ती वेदीजवळ ठेविली, आणि जमलेला पैसा सुतार, गवंडी व पाथरवट यांच्या हाती गेला. कारागिरांस देण्यासाठी ज्यांच्या हाती तो पैसा सोपवीत त्यांच्याकडून हिशेबही मागत नसत, कारण ते इमानाने वागत. यावरून असे दिसते की, नवे बांधण्याच्या उत्साहाची जशी ईश्वराच्या राज्यात गरज आहे, तशीच बांधलेले राखण्याच्या धीराचीही आहे. नवे बांधताना लोक जमतात, भाषणे होतात, नावे कोरली जातात. कौल फुटले तर वर चढणाऱ्यास कोणी हार घालीत नाही. जो मनुष्य कोणी पाहत नसताना गाडीखाली निजून ग्रीस भरतो, तो त्या कामापुरता विश्वासूपणाच शिकत असतो.

परंतु येथेच कोणी उपदेशक बंधू आम्हांस अडवून म्हणेल, “पृथ्वीवर संपत्ती साठवू नये असे प्रभूने सांगितले नाही काय? जेथे कसर व जंग खाऊन टाकतात तेथेच हा मनुष्य जंग खरवडीत बसला आहे! तोच पैसा गरिबांस द्यावा.” आक्षेप वजनदार आहे व त्यास हलक्याने उडवून लावणे योग्य नाही. तथापि बेथानी येथील प्रसंग आठवावा. मरीयेने मोलवान तेल ओतले तेव्हा ‘हे तीनशे दिनारांना विकून गरिबांस का दिले नाही’ असे जो बोलला, त्यास गरिबांची काळजी नव्हती, असे योहान स्पष्ट लिहितो. म्हणून गरिबांचे नाव घेऊन दुसऱ्याच्या प्रेमाचा हिशेब करणाऱ्याने प्रथम स्वतःची थैली पाहावी. त्याचप्रमाणे हेही ध्यानात ठेवावे की, जुने राखणे हे नेहमीच उधळेपणाचे नसते. जी वस्तू दुरुस्त होऊ शकते ती फेकून दरवर्षी नवी आणणारा मनुष्य काही कमी आसक्त नाही. त्याची आसक्ती नवेपणावर जडलेली असते, एवढाच भेद.

तर मग येथे प्रेम कशावर जडलेले असते? ह्या प्रश्नावर जुन्या ग्रीक लोकांनी पुष्कळ काथ्याकूट केला आहे. प्लुटार्क नावाचा लेखक सांगतो की, थीसियस ह्या वीराचे जहाज अथेन्सच्या लोकांनी फार काळ जतन केले. जी फळी कुजे ती काढून तेथे नवी बसवीत. तेव्हा तत्त्वज्ञान्यांत वाद पडला की, हे जहाज तेच राहिले की दुसरे झाले? जुन्या मोटारीचीही तीच गत आहे. इंजिन उघडून नवे पिस्टन घातले, पत्रा कापून जोडला, आसने नव्याने शिवली, रंग तीनदा दिला; मग आजोबांनी घेतलेली गाडी ती हीच काय? लोखंडाकडे पाहिले तर उत्तर देणे कठीण आहे. परंतु आमच्या मते ती गाडी तीच राहण्याचे कारण लोखंडात नसून अखंड सांभाळात आहे. आपली मंडळीही अशीच नव्हे काय? ज्यांनी प्रथम बाप्तिस्मा घेतला ते सर्व कबरेत निजले, छप्पर बदलले, बाके बदलली, पाळक तर कितीतरी आले व गेले. तरी आम्ही तिला तीच मंडळी म्हणतो, कारण एका पिढीने दुसरीच्या हाती जे सोपविले ते मध्ये कोठे तुटले नाही. मालक हा शब्द येथे तोकडा पडतो. जो आपल्यामागून येणाऱ्याच्या हाती वस्तू देण्यासाठीच ती राखतो, त्यास कारभारी म्हणावे.

आणि कारभारी म्हटले की हिशेब आला. तो हिशेब केवळ आपल्या घरापुरता नसून शेजाऱ्याचाही आहे. जुन्या गाडीवर प्रेम करणारे पुष्कळदा हे विसरतात. जुन्या गाडीस आजच्यासारखे धूर शुद्ध करणारे यंत्र नाही. अशा गाड्या ज्या शिसेमिश्रित पेट्रोलवर चालत, ते मुलांच्या मेंदूस अपायकारक असल्याचे सिद्ध झाल्यावर २००० साली आपल्या देशात बंद झाले. खाजगी गाडीची नोंदणी प्रथम १५ वर्षांची असते, व पुढे तपासणीनंतर ती पाच पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. ५० वर्षांहून जुन्या व मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली सरकारने निराळा नियम केला; त्यांस निराळी नोंदणी मिळते, परंतु नित्याच्या वापरासाठी त्या रस्त्यावर आणता येत नाहीत. कित्येकांस हे नियम जाचक वाटतात. परंतु जो म्हणतो, ‘गाडी माझी, मी पाहून घेईन,’ त्यास आम्ही विचारतो: तिचा धूर कोणाच्या मुलाच्या छातीत जातो? तिचा ब्रेक लागला नाही तर रस्त्यावर कोण सापडतो? आपले प्रेम दुसऱ्याच्या जिवावर उदार होणारे असेल तर त्यास प्रेम म्हणू नये.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध बंधू आहेत. शाळामास्तरकी करून त्यांनी एक जुनी पद्मिनी विकत घेतली. गावात दुसरे वाहन नव्हते त्या काळी अडलेल्या बायका, साप चावलेली माणसे त्याच गाडीतून रात्री-अपरात्री तालुक्यास गेली, आणि कित्येकांचे देह त्याच गाडीतून परत आले. आता गावात रिक्षा झाल्या, रुग्णवाहिका येते. मुलगा म्हणतो, ‘बाबा, गाडी भंगारात द्या.’ बाबा ऐकत नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी निवृत्तिवेतनातून पैसे बाजूस काढून गाडीस नवा रंग देण्याचे ठरविले, आणि त्याच महिन्यात नातीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी भरावयाची होती. घरात बोलाचाली झाली व गोष्ट आमच्याकडे आली. आम्ही त्यांस गाडी विका असे म्हटले नाही. आम्ही एवढेच विचारले, “मास्तर, गाडीच्या कामांची यादी करा, त्यात शेजाऱ्यासाठी कोणते, गाडीसाठी कोणते, आणि लोकांनी पाहावे म्हणून कोणते, ते निराळे लिहा.” त्यांनी यादी केली. ब्रेकचे काम पहिल्या रकान्यात गेले, गंजलेला पत्रा दुसऱ्या, आणि रंग तिसऱ्या. ब्रेक दुरुस्त झाले, पत्र्यास तूर्त गंजरोधक लेप लागला, आणि रंगाचे पैसे नातीच्या फीत गेले. गाडी अद्याप डागाळलेलीच आहे. मुलगा पूर्ण राजी नाही, आणि मास्तरही नाहीत. परंतु दोघे एका ताटास बसतात.

तथापि अशीही वेळ येते की राखणे हेच पाप ठरते. मोशेने अरण्यात उभारलेला पितळेचा सर्प ही काही सामान्य वस्तू नव्हती. त्याकडे पाहून मरणारी माणसे जगली. इस्राएल लोकांनी तो शेकडो वर्षे जतन केला, आणि हळूहळू त्यापुढे धूप जाळू लागले. तेव्हा देवभीरू हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. ध्यानात घ्यावे की, सर्प बिघडला नव्हता. पाहणाऱ्यांची मने बिघडली होती. म्हणून ज्या वस्तूने एके काळी खरोखर जीव वाचविले, तिच्याविषयीच आपण अधिक सावध असले पाहिजे, कारण तिच्यापुढे धूप जाळण्यास आपणांस सबळ कारण सापडते. वस्तू मूर्ती झाली की नाही हे ओळखण्याची खूण फार कठीण नाही. ती मागितली असता आपणांस दुःख झाले तर तो मनुष्यस्वभाव आहे. परंतु ती मागणाराच शत्रू वाटू लागला, तिच्यावर लहान मुलाने ओरखडा काढला म्हणून मुलावर हात उगारला, तर धूप जळू लागला असे समजावे.

तर वाचकहो, ह्या विवेचनावरून आमचे मत असे आहे की, जुन्या वस्तूची निगा राखणे हे ख्रिस्ती मनुष्यास निषिद्ध नाही. उलट उतावळ्या व फेकाऊ जगात ते एक चांगले शिक्षण आहे. मात्र त्या शिक्षणाची परीक्षा गॅरेजात होत नाही. जो इंजिनाच्या आवाजातील बारीक फरक ओळखतो, त्याने बायकोच्या आवाजातील थकवा ओळखला काय? जो गंजाचा ठिपका दिसताच कानस घेऊन बसतो, त्याने भावाशी पडलेला तंटा किती वर्षे तसाच ठेविला आहे? ज्या हातांस वंगण देण्याची सवय लागली ते हात खाटेवरच्या म्हाताऱ्या आईच्या पायांस तेल लावण्यासही पोहोचले पाहिजेत. येत्या रविवारी उपासना आटोपल्यावर प्रत्येक मंडळीच्या पंचांनी देवळाभोवती एक फेरी मारावी, कोठे कौल सरकले आहे, कोठे घंटेचा दोर झिजला आहे ते पाहावे. आणि तेथूनच, त्या आठवड्यात जे वृद्ध बंधुभगिनी उपासनेस येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी जावे.