शल्यचिकित्सकाचा शीण

सन २०२० च्या करोना साथीत शल्यचिकित्सकांच्या वाट्यास एक चमत्कारिक शीण आला. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया लांबणीवर पडल्या. हर्निया, पित्ताशयातील खडे यांचे रोगी घरी वाट पाहत राहिले. ज्यांचा हात सुरीस सरावलेला, त्यांतील कित्येक संरक्षक पोशाखात घामाघूम होऊन प्राणवायूचे प्रमाण मोजीत उभे होते. निष्काम कर्माचे नाव घेऊन अशांस ‘थकू नका’ म्हणणे आम्हांस सोपे पांडित्य वाटते. गीतेने सोडावयास सांगितली ती फळाची आसक्ती. देहाची विश्रांती नव्हे. शिवाय येथे हिरावले गेले ते फळ नव्हे, शिकलेले कर्मच! २२ मार्च २०२० रोजी किलवणीपासून मुंबईपर्यंत लोकांनी थाळ्या वाजविल्या. भावना खरी होती. परंतु त्या नादाने कोणाची रात्रपाळी कमी झाली नाही.